धुणं चालू ठेवा

वॉल्सॉलमध्ये, कालव्यालगतच्या शेडमध्ये
आम्ही नळांना चकाकी देतो.
पितळ आत जातं, क्रोम चढून बाहेर येतं,
आणि कुठल्याशा हॉटेलात कोणीतरी
त्यात आपले दात बघतं.

माझं काम कागदाचं.
सांगलीची बी.एस्सी. म्हणून ग्रॅहमने फाइल माझ्याकडे दिली,
निळी, चार कड्यांची, वर केचपचा डाग.
प्रत्येक ड्रमाचं एक पत्रक, प्रत्येक पत्रकाचे सोळा विभाग.
दर सोमवारी नव्या माणसांना वाचून दाखवायचं,
शेवटी त्यांनी सही करायची.
सही सगळे करतात.

काय भाषा ती!
टाळावे. घालावे. हुंगू नये.
सगळी क्रियापदं विध्यर्थी.
वाक्यातला कर्ता शोधा, असं बाईंनी विचारलं असतं
तर अख्खा वर्ग गप्प बसला असता.

नववा विभाग. वास : तीव्र, झोंबणारा.
टेरी हॉजेट्स मागून म्हणतो, मला नको विचारूस, बॅब.
बत्तीस वर्षं क्रोमच्या टाकीवर.
त्याच्या नाकातला पडदा झिजून गेलाय,
नाताळच्या पार्टीत तो एका नाकपुडीतून दोरा घालतो
आणि दुसरीतून काढून दाखवतो.
सगळे टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या, पहिल्या वर्षी.

अकरावा. दीर्घकालीन परिणाम :
माहिती उपलब्ध नाही.
हे वाचताना मी टेरीकडे बघत नाही.

आमच्या गावात ओढ्याचा रंग बघून कळायचं
आज कारखान्यात कोणता माल काढलाय.
तेवढंच पत्रक. एकच विभाग, आणि तो वाहता.

मंगळवारी पहाटे, पावणेचारला,
फिलमोनच्या डोळ्यात कॉस्टिकचा शिंतोडा गेला.
गॉगल कपाळावर होता. घाम पुसायला वर केलेला.
मी काही वाचलं नाही.
माझ्या हातांनी त्याची मान नळाखाली धरली,
अंगठ्याने पापणी उघडली.
लेन्स असल्यास आणि सहज निघत असल्यास काढा.
धुणं चालू ठेवा.
निदान पंधरा मिनिटं.

घड्याळ माझ्या पाठीमागे. वळले तर पापणी सुटेल.
म्हणून पाढे.
बे एके बे. बे दुणे चार.
तो कण्हत होता, अस्माराच्या त्याच्या भाषेत काही म्हणत होता,
त्याला वाटलं असेल मी देवाचं म्हणतेय.
सात. आठ. तेरा.
टेरी बॅटरी धरून उभा, एक शब्द नाही.
एकोणीस साती तेहतीसासे,
इथेच मी अडखळते, लहानपणापासून,
इथेच हातावर पट्टी बसायची,
पण पाणी थांबलं नाही, अडखळून पुढे गेले,
एकवीस, बावीस,
तेविसावर टेरी म्हणाला, झाली पंधरा. चालू ठेव तरी.
ठेवलं.

ॲम्ब्युलन्सवाल्या मुलीने पहिलं विचारलं, पत्रक कुठाय?
ऑफिसात. ऑफिसला कुलूप. किल्ली ग्रॅहमकडे,
ग्रॅहम टेनेरिफला.
आणि तातडीचा फोन नंबर होता तो मला पाठ होता,
तसंच त्याखालचं : सकाळी नऊ ते पाच.

मग मी तिला पत्रकच म्हणून दाखवलं.
मालाचं नाव, सोडियम हायड्रॉक्साइड,
पंचवीस ते तीस टक्के, सामू चौदा,
धोक्याची वाक्यं, क्रमाने,
अडखळले नाही कुठे.
ती हातमोज्यावर लिहून घेत होती.

आता फाइल डोळे धुण्याच्या नळाशेजारी टांगलीय,
टेरीने दोरी दिली. कुठली, ते मी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी मी चौथ्या विभागापासून सुरुवात केली.
फिलमोन पहिल्या रांगेत, एक डोळा अजून लाल.
पेन हातात घेतलं, पण सही केली नाही.
पानं चाळली, पुन्हा चाळली.
म्हणाला, तुम्ही म्हणत होतात ते आकडे
कितव्या विभागात आहेत?

चौथ्या, मी म्हटलं.